टाका

रविवार पेठेत पुखराजशेठ नाणं काट्यावर ठेवतात.
आठ ग्रॅम, चारशे मिली. बावीसला किंचित कमी.
"अमेरिकन आहे, पाच डॉलर. पण कडेला टाका बघा,
कुणीतरी माळेत ओवलेलं.
तुमचे संग्राहक हात लावायचे नाहीत."

मी भोसरीत तीस वर्षं डाय कापल्या.
नाणं आधी बोटाने वाचतो.
इथे बोट सपाटीवरून घसरतं
आणि एकदम खाली उतरतं:
चेहरा वर आलेलाच नाही, आत बुडालाय,
पिसांचा अख्खा मुकुट सोन्याच्या पातळीखाली.

एकोणीसशे आठ साली ओरड झाली होती,
या खाचांत मळ बसेल, रोग पसरतील.
मळ बसलाच की.
भिंगाखाली भुवईच्या वळणात एक लाल कण.
"पॉलिशची लाली," शेठ म्हणतात.
मी कुंकू म्हणत नाही. नुसता बघत राहतो.

इंडियन म्हणतात या नाण्याला.
किनारा चुकलेल्या खलाशाने दिलेलं नाव,
आणि शेवटी ते पोचलं कुठे,
तर बोहरी आळीच्या पलीकडे, माझ्या तळहातावर.

टाका मात्र सुरेख आहे.
कोण होता कोण जाणे,
फुंकणीची ज्योत त्याने कडेलाच धरली,
एक पीस वितळू दिलं नाही.
तीस वर्षांत माझ्या हाताखालची किती पोरं
असं करू शकली असती? दोन.
एक तर परवाच गेला.

"घासून देऊ का?"
नको. सोन्याच्या भावात लावा,
टाक्याचं वजन धरून.