उतरायची जागा

पहाटे पाचला दत्तनगरातून निघतो.
कानटोपी, फडक्यात भाकरी, शेंगाचटणी
आणि सायकल, जी माझ्या गुडघ्यांहून कमी कुरकुरते.
"पडलात तर?" मुलगा अंथरुणातूनच विचारतो.
ऐकूच आलं नाही असं दाखवतो.
बहिरेपणाचा एवढा तरी उपयोग.

एकेचाळीस वर्षं पॉवरलूमवर गेली.
कान तिथंच राहिले,
कुणाच्या तरी चादरीच्या काठात विणले गेले असतील.

तुळजापूर नाक्यावर मल्लिनाथ उभा.
एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात कामापुरता उजेड.
"खड्डे तुला दिसतात, तू पुढं.
ट्रक मला ऐकू येतात, मी मागं."
ट्रक आला की तो घंटी वाजवतो,
ती मला ऐकू येत नाही.
मग कानडीत शिवी देतो.
ती पोचते.

हिप्परग्याच्या अलीकडं चढ लागतो.
पूर्वी उभ्यानं पायडल मारत माथ्यावर जायचो,
मागं कॅरिअरवर राजव्वा बसलेली असली तरी.
नंतर टपरीपाशी उतरायला लागलो.
गेल्या साली बाभळीपाशी.
यंदा बाभळीच्याही अलीकडं
एक पांढरा दगड आहे, तिथं.
उतरायची जागा दरवर्षी थोडी खाली सरकते.
चढ तेवढाच आहे.
हातात सायकल धरून चालताना
मल्लिनाथचा श्वास मला दिसतो,
थंडीत, बिडीच्या धुरासारखा.
बिडी त्यानं सोडली. धूर राहिलाय.

तलावावर पाहुणे आलेले असतात.
कॅमेरेवाली पोरं त्यांना पट्टकादंब म्हणतात,
हिमालय ओलांडून येतात म्हणे.
"किती?" मल्लिनाथ विचारतो.
"चाळीस," मी ठोकून देतो.
तो मान तिरकी करून ऐकत राहतो.
"खोटारड्या. पंधरा-सोळाच बोलतायत."
"बाकीचे झोपलेत."
"तुझ्यासारखे?"

मग काय होतं कुणास ठाऊक,
त्याचा हात आपोआप वर उठतो
आणि त्या हाताच्या मागोमाग
अख्खा थवा पाण्यावरून सुटतो.
मी आवाजाशिवाय बघतो.
तो बघण्याशिवाय.
भाकरी तशीच फडक्यात.

ऊन चढायच्या आत परतायचं.
आता तोच चढ उतार झालेला.
पांढऱ्या दगडाशी आज उतरत नाही कुणी.
बाभळ जाते, कानटोपी उडते,
मागून मल्लिनाथ काहीतरी ओरडतोय,
शिवी असेल, किंवा हसत असेल.
मी ब्रेक सोडलेत.

हे घरी सांगायचं नाही.