अकरा हजार चारशे

सेवा केंद्रातलं जुनं मशीन बदललं तेव्हा
मालक म्हणाला, भंगारात जाणारे, हवं तर ने.
नेलं. स्कूटीच्या मागं ओढणीनं बांधलं
आणि गांधीचमनपासून प्रत्येक खड्ड्याला
एक हात मागं नेऊन चाचपत राहिले.

उघडलं तर आत सात वर्षांची धूळ.
उत्पन्नाचे दाखले, नॉन-क्रिमिलेअर,
पीकविम्याची शेवटची तारीख, सर्व्हर डाऊन,
सगळ्याची मिळून एक राखाडी वळकटी
पंख्याच्या पात्यांत अडकलेली.
शेजारी एक झुरळ, वाळलेलं,
परमनंट झाल्यासारखं निवांत.

वाहीद म्हणाला, प्रोसेसर चौथ्या पिढीचा आहे, जुना झाला.
आमच्या घरात शाळेत गेलेली मीच पहिली पिढी.
मला तर तो खानदानी वाटला.

ग्राफिक्स कार्डवाला पोरगा बसस्टँडवर भेटला,
कार्ड भाकरीच्या फडक्यात गुंडाळलेलं.
मायनिंगचं नाही ताई, आईची शपथ.
साडेचार हजार मोजले.
वॉरंटी म्हणजे त्याची आई.

मॉनिटर अठराशेला, सतरा इंची,
डाव्या कडेला एक हिरवी रेघ, कायमची.
कुठंही वाचव, वाहीद बजावत होता,
पण सप्लाय नवा घे, चांगला घे,
आपली लाईट कधी म्हशीसारखी बसते
कधी गोऱ्ह्यासारखी उधळते.
घेतला. त्या महिन्यात
गाडीत पेट्रोल पन्नास-पन्नासचं टाकलं.

पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी लाव म्हणाला,
मी हरभऱ्याएवढी लावली.
त्यानं पुसून टाकली, काही न बोलता.

कॅबिनेटला एका बाजूचा पत्रा नव्हता.
रोलिंग मिलमधल्या बाशूचाचांनी कापून दिला,
वर ड्रिलनं भोकं पाडली, हवेसाठी,
सरळ रांगेत पाडायची सोडून
कमळ काढलं.
कडा घासायच्या मात्र विसरले.
माझं बोट कापलं, रक्ताचा एक थेंब मदरबोर्डवर पडला,
तो मी ओढणीनं टिपून घेतला, कुणाला सांगितलं नाही.

बटण दाबलं. लांब शिट्टी, पुन्हा लांब शिट्टी.
रॅम काढली, सोनेरी दात खोडरबरनं घासले,
फुंकर मारली, परत बसवली.
पंखा फिरला.
वाहीद म्हणाला, चहा सांग.

दिवसभर मी दुसऱ्यांचे अर्ज भरते,
दुसऱ्यांचे अंगठे, दुसऱ्यांचे ओटीपी.
मला एक मशीन असं पाहिजे होतं
ज्याच्यावर कुणाचंच काम नाही.
हे घरात कुणाला सांगणार?
अण्णांनी विचारलं, काहून आणलं हे डबडं?
म्हटलं, फुकट मिळालं.

अण्णांनी सव्वीस वर्षं सळई ओढली, जालना ते रायपूर.
मग गुडघ्यानं क्लच सोडला.
रात्री मी ट्रकचा गेम लावला,
सेटिंग सगळ्यात खाली, तरी धावत होता,
परदेशातला रस्ता, दोन्ही बाजूंना बर्फ.
मागून आवाज आला, इंडिकेटर दे की.
थोड्या वेळानं, डिप्पर मार, समोरच्याचे डोळे दिपतात.
मग, सरक जरा.

कीबोर्डवर दोन बोटं, बाकीची वळलेली,
जणू स्टेअरिंग तिथंच आहे आणि मलाच दिसत नाही.
रिकाम्या चौकातल्या लाल दिव्याला थांबले.
मी म्हटलं, कुणी नाहीये, जाऊ द्या.
नाही गेले.
ही हिरवी रेघ कशाची? विचारलं.
म्हटलं, कडेचं गवत.
हां, म्हणाले, आणि गाडी जरा आत घेतली.
मग, इथं चहा कुठं मिळतो?
याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

मी झोपले. पहाटे पाण्याला उठले
तर खोली गरम, कमळातून हवा येत होती,
खुर्चीत कुणी नव्हतं,
ट्रक कडेला लावलेला, चारही इंडिकेटर चालू.
आणि स्क्रीन पुसलेली, ओल्या फडक्यानं,
वरून खाली, काच पुसतात तशी.
रेघेवर जरा जास्तच घासलेलं दिसत होतं.