ताणकाटा

सहलीच्या फॉर्मवर एक रकाना असतो: उद्देश.
मी लिहिलं, बल आणि गती.
मोठ्या मॅडम म्हणाल्या, मग कळमना कशाला,
वर्गात फळा आहे की.

तेवीस पोरं, एक शिट्टी, एक ताणकाटा
(शाळेत एकच, तोही जुन्या मोज्यात गुंडाळलेला)
आणि तन्मयीचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल,
एक शिंग तुटकं, चाकांना खोबरेल.

आधी सेमिनरी हिल्सचा उतार.
डांबरावर सुटला बैल तो थेट वळणापर्यंत,
मागे शबनूर, शबनूरमागे अख्खी सातवी.
कडेच्या वाळूत शिरला आणि तोंडावर आपटला.
"थांबला काऊन?"
कोणी म्हणालं, दमला.
कोणी म्हणालं, वाळूनं धरलं न त्याले.
धरलं, मी म्हटलं, हाच शब्द ठेवा.
घर्षण नंतर लिहू, वहीत, चांगल्या अक्षरात.

मग कळमना.
लिलाव आटोपलेला, पेंढ्यात संत्र्यांचा वास,
तिरप्या फळीवरून क्रेट खाली घसरत होते
आणि पोरं मोजत होती, एक हजार एक, एक हजार दोन.
लोमेश मोजत नव्हता.
लोमेश माझ्या पाठीशी, सावलीएवढा होऊन चालत होता.
मला उशिरा कळलं.
समोर हातठेल्याला खांदा लावून उभा माणूस
त्याचे बाबा.

खर्‍याची पुडी खिशात सारली त्यांनी,
दुपट्ट्याला हात पुसले.
मी विचारलं, भाऊ, लावू का काटा तुमच्या ठेल्याला?
आकडा अडकवला. तेवीस डोकी वाकली.
त्यांनी ओढलं.
काटा सरसर शेवटच्या रेघेवर जाऊन आपटला,
ठेला तसूभर हलला नाही.
पन्नास न्यूटनपर्यंतच होतं आमचं विज्ञान.

ते हसले. "मॅडम, उभ्या गाडीले पहिला जोर मोठा लागते.
एकदा चाक फिरलं का मंग ते ऐकते.
मंग थांबवाचंच भेव."
या तीन ओळींना मी दरवर्षी
चार तासिका घेते.

पोरांनी जोर लावला. तिघं, मग पाच, मग नऊ.
शबनूरची चप्पल तुटली.
तेव्हा माझ्या मागून आवाज आला,
"वरून नाही बे, खांदा खाली घ्या,
बाबा कसा घेते तसा."
आणि लोमेश पुढे गेला.

चाक कुरकुरलं. ऐकलं.
उतारापाशी त्याचे बाबा धावत पुढे झाले,
दोन क्विंटल संत्री छातीवर तोलून
टाचा रोवत, मागे मागे सरकत.
आम्ही कोणीच मोजलं नाही.

चाचणीत दोन गुणांचा प्रश्न: बल म्हणजे काय?
बावीस वह्यांत पुस्तकातली व्याख्या, स्वल्पविरामासकट.
लोमेशच्या वहीत:
गाडी हालत नाही तवाबी बाबा लावते ते.
लाल पेनचं टोपण उघडलं, मिटलं, परत उघडलं.
दोनपैकी दोन.
"तवाबी"वर रेघ मारली नाही.

काटा त्या दिवसापासून शून्यावर येत नाही.
रिकामा टांगला तरी दोन रेघा पुढेच थांबतो.
नवीन मागवायचा आहे, मार्चनंतर बघू म्हणतात.
तोवर पोरं खडूचा डबा तोलतात, डस्टर, कंपास,
आकडा वाचतात, आणि कोणीतरी ओरडतंच,
थांब बे,
लोमेशच्या बाबाचं वजा कराचं राहिलं.