नदीचा शेवटचा डबा

मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून
बारा वर्षं मी मुलूख मागे सरताना पाहिला.
समोरून काय येतंय ते इंजिनवाल्याला ठाऊक.
भार्गवी नऊ वर्षांची झाली,
तीही बरीचशी अशीच, सरत सरत:
रात्री दोनला घरी यावं तर झोपलेली,
सकाळी माझ्या झोपेत
दाराशी शाळेच्या बुटांचा आवाज.

फाल्गुनातल्या एका सुटीला तिने पांघरूण ओढलं.
पप्पा, नदी कुठे संपते?
समुद्रात.
सुकी नाही संपत समुद्रात. ती आधीच संपते,
बाई म्हणाल्या. मला ती जागा बघायचीय.

भुसावळहून मोटरसायकल काढली.
सावद्यापर्यंत दोन्ही बाजूंनी केळीच केळी,
आणि पोटाभोवती तिचे हात.
एवढे घट्ट असतात, हे माहीत नव्हतं.

धरणाखाली पात्रात उतरलो.
पाणी आधी घोट्याइतकं,
मग गोट्यांमधून वाट काढणारं,
मग नुसती एक चकाकी,
वर सातपुड्याला उन्हाची धूळ.
शेपूट वरखाली करत एक पक्षी पुढे पळाला.
कुठलाय? तिने विचारलं.
पक्षी आहे, मी म्हटलं.
ती इतकी हसली की पाण्यात बसलीच.

आणि मग खरंच संपली नदी.
काही गाजावाजा नाही, कडा नाही, खड्डा नाही.
ओली रेती, तिच्यापुढे कोरडी रेती.
इथे, मी म्हटलं.
ती पालथी पडून बोटाने चाचपत राहिली:
नाही, अजून चार बोटं पुढे.

गुराख्याच्या विझल्या चुलीतला कोळसा घेऊन
तिने धोंड्यावर मोठी फुली काढली.
शेवटच्या डब्यावर असते तशी.
मीच कधीतरी सांगितलं होतं म्हणे,
की फुली दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली,
मागे काही सुटलं नाही.
कधी सांगितलं होतं, आठवेना.

वीस दिवसांनी धोंडा उन्हात कोरडा ठणठणीत.
पाणी वरच कुठेतरी थांबलेलं.
आम्ही पावलं मोजली:
माझी एकशे चाळीस, तिची दोनशे सहा.
तिने वहीत दोन्ही आकडे लिहिले,
कुठला खरा हे विचारलं नाही.
अंजनाच्या सावलीत कळण्याची भाकरी खाल्ली,
ठेच्याने तिचं नाक वाहिलं,
माझ्या रुमालाला पुसलं.

चैत्रात तिसऱ्या फुलीपाशी
इतबार तडवी शेळ्या घेऊन भेटले.
काय हुडकतं व बाई?
पाणी कुठे जातं ते.
म्हाताऱ्याने काठी रेतीत खुपसली.
जाईन कुठी? खाले जाते.
तू आली ना सावद्याकून,
त्या समद्या केळी कोनाचं पानी पेतात मंग?

ती बराच वेळ बोलली नाही.
मग उठून पाण्याची बाटली काढली,
ओंजळभर पाणी धोंड्यावर ओतून
हाताने फुली घासायला लागली.
अगं, राहू दे की.
पप्पा, गाडी थांबलीच नाहीये. मग फुली कशी चालेल?
कोळसा नीट निघेना.
मीही गुडघ्यांवर बसलो, रेती घेतली, घासू लागलो.
चार काळे हात.
उरलेल्या दोन फुल्या पुढच्या सुटीला, असं ठरलं.

परवा रात्री खंडव्याकडे निघालेली रिकामी मालगाडी.
सुकीचा पूल आला तेव्हा सव्वातीन वाजले होते.
खाली पात्र होतं की नव्हतं, अंधारात काही दिसेना.
नेहमीसारखा बसून राहिलो असतो.
उठलो. कठड्याशी आलो.
कंदिलाची हिरवी काच फिरवली
आणि पूल संपेपर्यंत
खाली धरून उभा राहिलो.