खोली नंबर सात

पाहुणे गेले, कासव राहिलं.
रजिस्टरातला नंबर लागत नाही.
मॅनेजर म्हणाला, वेण्णाकाठी सोडून ये.
पहाटे गेले. बोटींच्या फळ्यांवर
मीठ सांडावं तसं दव गोठलेलं.
स्ट्रॉबेरीच्या पानाला हात लावला,
कुरकुरलं.
परत आले, पदराखाली तेच घेऊन.

आता ते लाँड्रीत, इस्त्रीच्या टेबलाखाली,
क्रेटमध्ये, भाताच्या पेंढ्यात.
वर चाळीसचा बल्ब, पण अंगाशी नाही.
पाठ तापते आणि पोट गारच राहतं,
घोडेवाला दस्तगीर सांगत होता,
घोड्यांचं. मी कासवाला लावलं.

दोन दिवस मान बाहेर नाही.
मेथी सुकली, बदलली, सुकली.
क्षेत्राच्या देवळात दगडी कासवाला
दर सोमवारी हात लावते मी,
तो गार असतो हे
आजच आठवलं.

रात्री वीज गेली.
इस्त्रीखालून काढलेली, अजून कोमट
चादर टाकली क्रेटवर. सातचीच.

म्हणतात, कासवी नुसत्या नजरेनं
पिल्लं वाढवते.
माझ्या नजरेत एवढं कुठलं,
डोळे चुरचुरेपर्यंत बसते फक्त,
टॉर्च धरून.

पेंढा हलला.
की माझाच हात.