पाव फेरा

वडशाच्या पुढं, धान कापलेल्या बांधीत मंडप.
मंचापुढच्या खड्ड्यात आम्ही वाजवणारे.
हॅलोजन पेटला की तारा उतरतात,
विझला की गारठ्यानं चढतात.
दर प्रवेशाला मी कान लाकडाला लावून
खुंट्या पिळत बसायचो.

औंदा गिटारची घोडीच बदलली.
एकेका तारेमागं एकेक स्प्रिंग.
तार सैलावली की ती मागं घेते,
ताणली की सोडते.
दोन अंक सूर जागचा हलला नाही.

तिसऱ्यात वत्सला मरते.
तिथं नेहमीसारखी तार ओढली.
बोट वर सरकलं, नख पांढरं पडलं,
सूर होता तिथंच.
ओढ सगळी स्प्रिंगनं गिळली.
वत्सला कोरडीच मेली.
ऑर्गनवरून बावणे वाकले,
"काहून गा, हात आखडला का?"

दुसऱ्या गावी किल्लीनं पाव फेरा दिला.
स्प्रिंग थांब्याला जेमतेम टेकली.
आता गारठ्यात तार किंचित चढते,
चढू दे.
ओढली की रडते.

आणि सोडलेला सूर
त्या जड पोलादात जरा जास्त राहतो,
पडदा पडून
वत्सला उठेपर्यंत,
लुगड्याला लागलेला भुसा झटकून
"चहा आला का रे?" विचारेपर्यंत.