न शिकवलेलं

देगलुरात, पहिलीच्या वर्गात
नुझतला मी दोनच गोष्टी शिकवल्या :
हे चित्र म्हणजे मीठ.
हेच चित्र म्हणजे उप्पु,
तिच्या शेजारच्या पोचव्वाच्या घरचं.

तिसरी तिची तिनंच केली.
चित्र माझ्या हातात, पालथं,
आणि तिनं 'मीठ'ची चिठ्ठी
'उप्पु'च्या चिठ्ठीवर ठेवली
भाकरीवर भाकरी ठेवावी तशी.
घरी तर ती नमक म्हणते.

मी रजिस्टरात बरोबरची खूण केली.

मलाही दोनच गोष्टी ठाऊक होत्या :
आई म्हणजे हिरव्या बांगड्या.
आई म्हणजे, पुढं, नांदेडचा वॉर्ड,
फिनेलचा वास.

परवा बाजारात कासारानं
हिरवा चुडा पुढं केला
आणि मी नाकाला पदर लावला.

"नवाच माल आहे, बाई,"
तो म्हणाला.